पुण्यात गोल्फसाठी ना-नफा संस्था: पहिल्या वर्षीचा पैसा नेमका कुठे घालावा?

सातवा_होल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही आठ जण पुण्यात गोल्फसाठी एक ना-नफा संस्था काढायच्या विचारात आहोत. मैदानाच्या भिंतीला लागून राहणाऱ्या मुलांना हा खेळ शिकता यावा आणि कॅडींच्या, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्यांच्या, घरांना थोडा आधार मिळावा, एवढाच उद्देश आहे.

पुण्याला गोल्फ नवा नाही. येरवड्याला पूना क्लबचं १८ होलचं मैदान आहे, बावधन-लवळ्याच्या टेकड्यांवर ऑक्सफर्ड आहे, शिवाय लष्कराची मैदानं वेगळी. पुण्याचा म्हणून ओळखला जाणारा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. तरीही गोल्फ क्लब चौकातून रोज शाळेत जाणाऱ्या मुलाला भिंतीपलीकडे काय चालतं ते ठाऊक नसतं.

आमच्यात तीन मतं आहेत. एक, दरवर्षी मोठी निधी-स्पर्धा भरवावी. दोन, दोन गुणी मुलं निवडून त्यांचा सगळा खर्च उचलावा. तीन, भरपूर साहित्य घेऊन शाळांना वाटावं. पैसा मर्यादित आहे. जाणकारांनी सांगावं, सुरुवात कुठून करावी?

बावधनवाला

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर प्रतिसाद येऊ द्या.

येरवडेकर

आधी विरोधी मत नोंदवतो, राग मानू नका. १८ होलच्या मैदानाला साधारण १००-१५० एकर जमीन लागते, पाणी लागतं, आणि खेळणारे मूठभर. महापालिकेच्या शाळेत मैदानाला धड कुंपण नसताना दानाचा पैसा गोल्फवर का घालायचा? त्यातून कबड्डीची दहा मैदानं होतील.

मुळाकाठ

येरवडेकर काका, प्रश्न रास्त आहे. पण तो "गोल्फ की कबड्डी" असा मांडला की चुकतो. मैदान आणि पाणी आधीच आहे, ते कबड्डीला मिळणार नाही. आठवड्यातल्या दुपारी ते जवळजवळ रिकामं असतं. संस्थेनं तो रिकामा वेळ मुलांसाठी मिळवला तर नवी जमीन लागत नाही. आणि त्याच भिंतीला लागून राहणाऱ्या पोराला पुढे तिथेच कॅडीखेरीज दुसरं काम मिळू शकतं हे कळलं, तर ते कबड्डीच्या आड येत नाही.

शिकागोकर

सातवा_होल, जगात या खेळाला ना-नफा पैशानं कसं उभं केलं त्याचं सर्वांत जुनं आणि टिकलेलं उदाहरण सांगतो. चिक इव्हान्स नावाचा खेळाडू लहानपणी कॅडी होता. १९१६ मध्ये त्यानं अमेरिकेची ओपन आणि अमॅच्युअर या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. हौशी खेळाडू म्हणून कायम राहायचं तर खेळातून मिळणारा पैसा स्वतः घेता येत नव्हता. गोल्फ शिकवणाऱ्या ध्वनिमुद्रिकांचा पैसा आला तो त्यानं कॅडींच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवला. १९३० मध्ये वेस्टर्न गोल्फ असोसिएशनच्या मदतीनं पहिले दोन विद्यार्थी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेले. आजवर हजारो कॅडी त्यातून पदवीधर झालेत.

यातलं नीट बघण्यासारखं म्हणजे निवडीचे निकष. कॅडी म्हणून निदान दोन वर्षांचं चांगलं काम, उत्तम गुण, खरी आर्थिक गरज आणि चांगलं वर्तन. मुलगा स्वतः किती चांगला खेळतो हे त्यात कुठेच नाही. खेळाच्या आसपास राहणाऱ्याला खेळानं काहीतरी परत द्यायचं, हा हिशेब. शंभरीकडे चाललेली योजना टिकली ती यामुळे, असं माझं मत. विजेते शोधत बसले असते तर दोन-चार हंगाम विजेता सापडला नाही की देणगीदार पांगले असते.

पटर_एके_पटर

शिकागोकर यांच्याशी सहमत, पण अर्धाच. विजेत्यांकडे पाठ फिरवूनही चालत नाही. पी. जी. सेठी यांनी १९६५ मध्ये हौशी खेळाडू असताना इंडियन ओपन जिंकली. १९९१ मध्ये ती जिंकली अली शेर यांनी, आणि ते कॅडीपासून वर आलेले. १९९३ मध्ये त्यांनीच पुन्हा जिंकली. दिल्लीच्या कॅडींच्या एका पूर्ण पिढीनं ते पाहिलं. अमित लुथरा यांनी २००० च्या सुमारास सुरू केलेल्या द गोल्फ फाउंडेशननं साधारण घरातल्या गुणी मुलांना हात दिला, तोही याच वाटेनं. तेव्हा मत क्रमांक दोन टाकून देऊ नका, फक्त पहिल्या वर्षी घेऊ नका. दोन मुलं "निवडायची" कशातून? आधी चाळीस मुलं दोन वर्षं खेळलेली हवीत.

माझं स्पष्ट मत: पहिली मागणी पैशाची नको, वेळेची करा. क्लबकडे जा आणि आठवड्यातून दोन दुपारी पुटिंग ग्रीन (चेंडू भोकाकडे ढकलायची बारीक कापलेली हिरवळ), चिपिंगची (जवळच्या छोट्या फटक्यांची) जागा आणि रेंजचे (लांब फटक्यांच्या सरावपट्ट्याचे) सहा कप्पे मागा. ते मिळाले की बाकीचं स्वस्तात होतं. ते मिळालं नाही तर कितीही साहित्य आणा, ते गोणीत पडून राहणार.

सातवा_होल

पटर साहेब, थोडं आकड्यांत सांगाल का? एका तुकडीला नेमकं काय लागतं?

पटर_एके_पटर

सांगतो. २४ मुलं, दीड तास, चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी ६ मुलं. सुरुवातीला १० मिनिटं अंग मोकळं करणं. मग प्रत्येक ठिकाणी १५ मिनिटं आणि ठिकाण बदलायला २ मिनिटं. शेवटी साहित्य मोजून आत ठेवायला १० मिनिटं. राहिलेली चार मिनिटं पाणी प्यायला. ठिकाणं अशी: पुटिंग, चिपिंग, पूर्ण स्विंग, आणि चौथं नियम-शिष्टाचाराचं. चौथ्यात बंकर (वाळूचा खड्डा) रेकनं सारखा करणं, ग्रीनवरची चेंडूची खूण दुरुस्त करणं, "फोर" (चेंडू येतोय, सांभाळा) कधी ओरडायचं, गुणपत्रिका कशी भरायची.

साहित्य यावरून ठरतं. पुटिंगला ६ पटर, चिपिंगला ६ वेज, पूर्ण स्विंगला ६ सेव्हन आयर्न. झाले १८. वर ४ जादा. यांत निदान दोन डावखुरे हवेतच, नाहीतर डावखुरं पोर उजव्या हातानं शिकतं आणि पुढे सगळं उलटं करावं लागतं. म्हणजे २४ मुलांना २२ काठ्या पुरतात. नियमांत १४ क्लबांची, म्हणजे काठ्यांची, मर्यादा असली तरी नवशिक्याला त्यातल्या तीनच लागतात. प्रत्येक मुलाला आख्खा सेट द्यायचा म्हणजे पैसा पाण्यात.

चेंडू: पूर्ण स्विंगच्या ठिकाणी ६ मुलं प्रत्येकी ३० मारणार, म्हणजे एका फेरीला १८०. तेच वेचून पुढच्या फेरीला. चिपिंगला आणि पुटिंगला मिळून ६०. हरवणारे धरून ३०० चेंडू घ्या. तळ्यातून काढलेले जुने चालतात, अंतर थोडं कमी जातं, मुलांना फरक पडत नाही.

कोच एक पुरतो, पण तो पूर्ण स्विंगच्या ठिकाणी उभा राहायला हवा, कारण अपघात तिथेच होतात. आणि एक लक्षात घ्या, नवशिक्यांच्या तुकडीत मोठी भीती चेंडूची नसते, शेजारच्यानं मागे नेलेल्या क्लबची असते. दोन मुलांत ३ मीटर अंतर, मागे सुतळी ताणून रेषा, रेषेपलीकडे फक्त मारणारा. डावखुरा मुलगा रांगेच्या टोकाला. सगळ्यांचे चेंडू संपल्यावर कोचनं "वेचा" म्हणेपर्यंत कुणी पुढे पाऊल टाकायचं नाही. हे पहिले दोन आठवडे रोज करून घ्या.

बावधनवाला

वाचनखूण साठवली. ६ मुलांना ६ क्लब हा हिशेब इतका सोपा आहे हे लक्षातच आलं नव्हतं.

दुरुस्ती_कट्टा

देणगीत येणाऱ्या क्लबांबद्दल. लोक माळ्यावरचे जुने पुरुषांचे स्टीलचे आयर्न देतात आणि संस्था ते कापून मुलांना देतात. ही चूक फार ठिकाणी होते. शाफ्ट कापला की तो आणखी ताठ होतो, वजन मात्र फारसं उतरत नाही. मोठ्यांचा स्टीलचा शाफ्ट १०० ग्रॅमच्या वर असतो, मुलांचा ग्राफाइटचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. नऊ वर्षांचं पोर तो दंडानं ओढतं, कोपर वाकतं, आणि फटका चेंडूच्या डोक्यावर बसतो.

कापायचेच तर बायकांचे ग्राफाइट शाफ्टचे क्लब कापा. जुनी ग्रिप कटरनं उभी चिरून काढायची, खालचा टेप खरवडायचा. कापायच्या जागी मास्किंग टेप गुंडाळून मगच करवत चालवायची, नाहीतर ग्राफाइटचे तंतू सुटून शाफ्ट उभा फाटतो. नाकावर मास्क हवा, ती भुकटी फुप्फुसाला वाईट. कापायचं नेहमी ग्रिपच्या टोकानं. शाफ्ट खाली निमुळता होत जातो, म्हणून कापल्यावर वरचं टोक बारीक होतं आणि मोठ्यांची ग्रिप त्यावर फिरते. मुलांची लहान भोकाची ग्रिपच घ्या. दुहेरी चिकटपट्टी, त्यावर आणि ग्रिपच्या आत थिनर, झटक्यात सरकवायची, ठसा सरळ आहे ना पाहायचं, आणि रात्रभर ठेवायची.

लांबी उंचीवरून ठरवा, इयत्तेवरून नाही. पाचवीच्या वर्गात उंचीत वीतभर फरक असतो.

देणगी घेताना क्लबचं डोकं पकडून पिळून पाहा. किंचितही हलत असेल तर आतला गोंद सुटलाय. तो क्लब वापरला तर डोकं उडून शेजारच्या मुलाला लागेल. पुन्हा इपॉक्सीनं बसवेपर्यंत बाजूला ठेवा.

मुळाकाठ

दुरुस्ती_कट्टा, फार उपयोगी. शाळेच्या बाजूनं भर घालते. क्लबवर न्यायच्या आधी सहा आठवडे शाळेच्या मैदानावरच घ्या. आपल्याकडचं मैदान मुरमाचं, गवत नाही. त्यावर सेव्हन आयर्न मारला की मनगटाला झटका बसतो. कृत्रिम हिरवळीचे तुकडे किंवा काथ्याची जाड पायपुसणी टाकून त्यावरून भोकांचे प्लॅस्टिकचे चेंडू मारायचे. फक्कीनं ५, १० आणि १५ मीटरवर गोल आखायचे. पुटिंगसाठी खड्डा खणायचा तर ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी ड्रेनेज पाइपचे १० सेंटिमीटरचे तुकडे जमिनीत बसवा. गोल्फचं भोक १०८ मिलिमीटरचं असतं, पाइपची आतली रुंदी त्याहून किंचित कमी भरते. सरावाला उत्तम.

मुलींबद्दल दोन गोष्टी. स्वच्छतागृह वापरायची परवानगी लेखी घ्या, तोंडी नको. आणि गाडी शाळेच्या फाटकातून निघून शाळेच्या फाटकातच परत यायला हवी. या दोन गोष्टी नसतील तर सातवीनंतर मुली गळतात, आणि मग संस्था अहवालात "मुलींना रस नाही" असं लिहून मोकळी होते. मुलींना रस असतो. अदिती अशोक टोकियोत चौथी आली तेव्हा भल्या पहाटे उठून किती घरांत ते पाहिलं गेलं आठवा. त्याआधी या घरांत गोल्फचं नावही निघत नव्हतं.

येरवडेकर

मुळाकाठ ताई, तुमचा रिकाम्या वेळेचा मुद्दा पटला. पाण्याचं मात्र राहिलं.

हिरवळ_राखणारा

पाण्याचं मी सांगतो, कारण तिथेही ना-नफा पैशाचा मोठा हात आहे. आपल्याकडे फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर) बहुतेक बर्म्युडा जातीचं गवत. ते सांडपाण्याचं प्रक्रिया केलेलं पाणी चांगलं सोसतं, कारण क्षाराला काटक आहे. अडचण येते मातीत. त्या पाण्यात सोडियम जास्त असतो, काळ्या चिकणमातीत तो साठला की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, वर शेवाळ धरतं. मग पोकळ दातांच्या यंत्रानं माती टोचून काढायची, वाळू भरायची, जिप्सम द्यायचा आणि पाणी धो धो न देता मुरवायचं. हे ज्ञान एकेकट्या क्लबला परवडलं नसतं. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९२० मध्ये ग्रीन सेक्शन हा विभाग काढला आणि गवत, माती, पाणी यांवरच्या संशोधनाला पैसा दिला. ही संघटनाही ना-नफाच आहे, ओपन स्पर्धेतून येतो तो पैसा ती अशा कामाला लावते. ब्रिटनमध्ये आर अँड ए ही संघटना तेच करते. ग्रीनचा वेग मोजायची स्टिम्पमीटर नावाची साधी पट्टीसुद्धा अमेरिकेच्याच संघटनेनं १९७८ मध्ये मैदान राखणाऱ्यांच्या हातात दिली.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाशी संबंधित. क्लब मुलांना नाही का म्हणतात? शंभरातल्या नव्वद वेळा कारण गवताचं असतं आणि ते खोटं नसतं. २४ मुलं एका जागेवरून आयर्न मारतील तर आठवड्यात टी (फटका मारायची जागा) उघडी पडते. तेव्हा मागायला जाताना उत्तर बरोबर घेऊन जा. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी मुलं फक्त मॅटवरून मारतील, कारण पुण्याच्या थंड रात्रींत बर्म्युडा जवळपास झोपतो, उडालेला तुकडा भरून येत नाही. मार्चपासून गवत चालेल, पण प्रत्येकाकडे वाळूची बाटली. खड्ड्यात वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत भरून पायानं दाबायचं. बर्म्युडाला बी टाकायची गरज नाही, कडेचे धावते कोंब खड्डा भरतात. पुटिंग ग्रीनवर भोक दर तुकडीनंतर बदलायचं, नाहीतर भोकाभोवती पायांनी कडा बसते. ग्रीन ३-४ मिलिमीटरवर कापलेलं असतं, त्याला एवढी पावलं सहन होत नाहीत.

जून ते सप्टेंबर ओल्या ग्रीनवर तुकडी नेऊ नका. तेव्हा बुरशी चपलांच्या तळाला लागून इकडून तिकडे जाते.

बावधनवाला

पावसाळ्यात मग काय करायचं? चार महिने खंड पडला तर मुलं परत येतील का?

पटर_एके_पटर

शाळेच्या सभागृहात. सतरंजीवर पुटिंग, नियमांची प्रश्नमंजूषा, गुणपत्रिकेचं गणित. आणि वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, एक नियम दगडावरची रेघ समजा: गडगडाट ऐकू आला की क्लब खाली ठेवून सगळे पक्क्या इमारतीत, झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं होईपर्यंत बाहेर यायचं नाही.

कॅडीची_बाजू

इतका वेळ वाचत होतो. मुलांचं चाललंय ते चांगलं आहे, पण सातवा_होल यांनी धाग्यात कॅडींच्या घरांचाही उल्लेख केला होता, तो मागे पडला.

पहिलं. १४ वर्षांखालच्या मुलाला कॅडी म्हणून कामाला लावणं बालकामगार कायद्यानं गुन्हा आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर घरचा व्यवसाय आणि बालकलाकार असे अपवाद सोडले तर कुठल्याच व्यवसायात चालत नाही. संस्थेच्या मुलांना "जरा बॅग धर" असंही म्हणायचं नाही. हे क्लबशी होणाऱ्या करारात लिहा.

दुसरं. कॅडी बहुधा पगारी नोकर नसतो, फेरीवर पैसे मिळतात. पाऊस लागला की उत्पन्न बंद. त्याला हप्त्याच्या मोठ्या योजना नकोत. आधी ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांची सरकारी नोंद) काढून द्या. मग पंतप्रधान सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघात संरक्षण, वय १८ ते ७०. जीवनज्योती हा आयुर्विमा ४३६ रुपये, २ लाख, वय १८ ते ५०. घोटाळा होतो तो असा: हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो आणि नेमके तेव्हा खात्यात पैसे नसतात. विमा बंद पडतो आणि अपघात झाल्यावरच घरच्यांना कळतं. संस्थेनं २० मेला यादी घेऊन बसायचं आणि प्रत्येकाच्या खात्यात शिल्लक आहे का विचारायचं. खर्च जवळपास शून्य.

तिसरं, आणि यावर मी ठाम आहे. तुमच्या तुकडीला मदतनीस म्हणून कॅडीच घ्या आणि त्याला त्या दुपारचे पैसे द्या. फेऱ्या बहुतेक सकाळीच आटपतात, दुपारी तो मोकळा असतो. ग्रीनचा उतार कसा वाचायचा हे पहिल्या वर्षाच्या कोचपेक्षा वीस वर्षांच्या कॅडीला जास्त कळतं. फुकट राबवू नका. स्वयंसेवक सुशिक्षित घरातले आणि कॅडीनं सेवा करायची, ही वाटणी बरोबर नाही.

पटर_एके_पटर

तिसऱ्या मुद्द्याला दंडवत. भर एवढीच की त्यातले जे नीट शिकवतात त्यांना राष्ट्रीय गोल्फ अकादमीच्या कोच-प्रमाणपत्राकडे ढकला. शुल्क आणि प्रवास संस्थेनं द्यावा. एक कॅडी कोच झाला की पुढच्या वर्षापासून तुमची तुकडी घरचीच.

जमाखर्च_ताई

आता कागदपत्रं. यात चुकलात तर बाकी सगळं अडतं.

क्लब "नफ्यासाठी नाही" म्हणजे तो धर्मादाय संस्था झाला असं नाही. क्लबचा कर-हिशेब सभासदांच्या परस्परतेवर (सभासदांचा पैसा सभासदांसाठीच) चालतो, देणगीदाराला तिथे ८०जी, म्हणजे देणगीवरची कर-वजावट, मिळत नाही. म्हणून तुमची संस्था वेगळी, खातं वेगळं, आणि क्लबचे पदाधिकारी बहुमतात नकोत. महाराष्ट्रात सोसायटी काढलीत तर किमान सात सभासद लागतात आणि धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. हा न भरल्यामुळे कितीतरी संस्थांचं बँक खातं जुन्या सह्यांवर अडकलेलं असतं.

खेळाचा प्रसार धर्मादाय काम आहे का? आहे. २४ सप्टेंबर १९८४ चं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक ३९५ तसं सांगतं. जुन्या कायद्यात १२एबी (संस्थेची करमाफी) आणि ८०जी म्हणत त्या दोन्ही नोंदी आयकराकडे करा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुने नमुने इंटरनेटवरून उतरवून भरू नका. जुन्या करपद्धतीत देणगीदाराला वजावट मिळते, नव्यात नाही. २,००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीला धरत नाहीत. आणि जुने क्लब, चेंडू, मॅट यांवर ८०जीची पावती देता येत नाही. पैशाच्या देणगीलाच मिळते. साहित्य देणाऱ्याला आभाराचं पत्र द्या, त्यात किंमत लिहू नका.

सीएसआरवर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीवर, फार स्वप्नं रंगवतात. ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसतं, आणि गोल्फ २०१६ मध्ये ११२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परत आलाय, तेव्हा दार उघडं आहे. पण नियम म्हणतो की संस्थेला तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. नवी संस्था पहिल्या दिवशी कंपनीच्या दारात जाऊन काही होत नाही. तोवर नोंदणीकृत जुन्या शिक्षणसंस्थेबरोबर करार करा. पैसा तिच्याकडे येईल, काम तुम्ही कराल, आणि हजेरी, फोटो, खर्चाची बिलं पहिल्या दिवसापासून तारखेनिशी जपा. तोच तुमचा तीन वर्षांचा अनुभव.

सातवा_होल

ताई, मग निधी-स्पर्धेचं काय? गटातल्या तिघांचा त्यावर फार भर आहे.

जमाखर्च_ताई

कंपनीनं स्वतःच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत. फलक लावला, नाव दिलं, तर तो कंपनीचा जाहिरात-खर्च. तसा घ्यायला हरकत नाही, पण मग ती तुमची देणगी नाही, मोबदला आहे, आणि अशा उत्पन्नाला वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे. पहिल्याच वर्षी स्पर्धा केलीत तर बहुतेक सगळी जमा तीच असेल आणि मर्यादा ओलांडाल. करसवलतच धोक्यात येते.

शिकागोकर

स्पर्धेतून पैसा उभा राहतो, नाही असं नाही. फिनिक्स ओपन ही व्यावसायिक स्पर्धा थंडरबर्ड्स ही सेवाभावी मंडळी कित्येक दशकं भरवतात आणि पैसा दानाला जातो. पण तिथे मैदान, प्रक्षेपण, स्वयंसेवक असं सगळं उभं आहे. पुण्यात नव्या संस्थेनं स्पर्धा भरवली तर जेवण, टी-शर्ट, चषक आणि ग्रीन फी (मैदानाचं शुल्क) जाऊन हातात किती उरतं ते आधी कागदावर मांडा. मला त्यापेक्षा छोटा मार्ग जास्त आवडतो. सभासदानं फेरीच्या बिलावर स्वेच्छेनं ठरावीक रक्कम वाढवायची, ती महिन्याच्या महिन्याला न्यासाच्या खात्यात. रक्कम लहान, पण वर्षभर येते. कोचचा पगारही वर्षभरच द्यायचा असतो.

येरवडेकर

मी धाग्याला विरोध करत आलो होतो. आता एक सूचना करतो. मुलं शिकली, चार-पाच वर्षं खेळली, पुढे? सगळी काही स्पर्धा खेळणार नाहीत.

हिरवळ_राखणारा

येरवडेकर काका, हा प्रश्न पहिल्या बैठकीत यायला हवा. मैदानावरच्या नोकऱ्या मोजा: माळी, यंत्रचालक, सिंचन बघणारा, मैदान व्यवस्थापक, स्टार्टर, मार्शल, क्लब दुरुस्ती, कोच, पंच. उद्यानविद्येची पदविका केलेला मुलगा ज्यानं लहानपणी गोल्फ खेळलाय, तो ग्रीन वेगळ्या नजरेनं बघतो. बारावीनंतर कृषी पदविकेचं शुल्क भरणं, ही शिष्यवृत्ती मला परदेशी स्पर्धेच्या तिकिटापेक्षा मोलाची वाटते.

पटर_एके_पटर

आणि जी खेळतील त्यांच्यासाठी: ५४ होलच्या गुणपत्रिका झाल्या की हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, निघतो. ९ होलच्या सहा फेऱ्यांतही ते होतं. कमाल मर्यादा ५४, म्हणजे अगदी नवशिक्यालाही मिळतो. दुसऱ्या वर्षअखेर २४ पैकी निदान १० मुलांच्या हातात हँडिकॅप हवा, हे मोजमाप ठेवा. देणगीदाराला फोटोपेक्षा हे दाखवा. पण त्यासाठी मुलांना प्रत्यक्ष मैदानावर फेऱ्या लागतात, नुसती रेंज नाही. अनेक क्लबांत सोमवार देखभालीचा असतो. दुपारनंतर यंत्रं आत गेली की मागचे सहा-नऊ होल मोकळे असतात. तेच मागा.

सातवा_होल

सगळ्यांचे आभार. काल रात्री गटाची बैठक झाली. स्पर्धा आणि दोन मुलं दत्तक हे दोन्ही बाजूला ठेवले. क्लबच्या सेक्रेटरींना द्यायच्या पत्राचा मसुदा असा: मंगळवार आणि गुरुवार दुपारी ३.३० ते ५.००, पुटिंग ग्रीन, चिपिंगची जागा, रेंजचे सहा कप्पे. महिन्यातला एक सोमवार मागचे सहा होल. ऑक्टोबर ते मे. थंडीत मॅट आम्ही आणणार, वाळूच्या बाटल्या आम्ही भरणार. दोन कॅडी मदतनीस, मानधन न्यासाचं. स्वच्छतागृहाची लेखी परवानगी. १४ वर्षांखालचं कुणी बॅग उचलणार नाही. काही राहिलं का?

मुळाकाठ

मार्च ते मे ३.३० नको. पुण्यात तेव्हा दुपारी चाळिशीला टेकतं. त्या तीन महिन्यांपुरतं ५.०० ते ६.३० मागा. आणि परीक्षेचे दोन आठवडे आधीच वगळून टाका.

कॅडीची_बाजू

मानधन न्यास थेट कॅडीच्या खात्यात देईल असं लिहा. क्लबमार्फत नको, तिथे ते फेरीच्या हिशेबात मिसळतं.

हिरवळ_राखणारा

पत्राची एक प्रत मैदान राखणाऱ्या प्रमुखालाही द्या, आणि सेक्रेटरींना भेटायच्या आधी त्याला भेटा. मॅट कुठे ठेवायच्या ते तो दाखवेल. शेडच्या बाहेर ठेवल्यात तर पहिल्याच वळवात भिजून कुजतील.